आईच्या लग्नाची जागा

आईने पुन्हा लग्न करायचं ठरवलंय ही बातमी सिंगल्टरींच्या घरात नाताळानंतर फुटली आणि मार्च उजाडला तरी ती कुणाला पचली नव्हती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लग्न! त्यात गेल्या रविवारी आईने लग्नाची जागाही सांगून टाकली, आणि जागा ऐकल्यावर सगळ्यांना वाटलं, त्यापेक्षा नुसतं लग्न परवडलं.

जागा होती लार्कमाँट.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोबील शहरात त्या पांढऱ्या खांबांच्या हवेलीचं नाव न ऐकलेला माणूस नव्हता. पण सिंगल्टरींच्या घरात ते नाव जेवताना कुणी काढत नसे. आईच्या पणजीला त्याच आवारात गुलाम म्हणून विकत आणलं होतं. आई स्वतः सोळाव्या वर्षी तिथल्या स्वयंपाकघरात कामाला लागली, ती शेवटची मालकीण मरून हवेली एका संस्थेच्या ताब्यात जाईपर्यंत तिथेच राबली. आता तिकीट काढून कुणीही आत जावं, बाग बघावी, आणि भाडं भरून हिरवळीवर लग्न लावावं, अशी सोय होती. आईला ती सोय हवी होती.

"तू तिच्या घरात राहतेस, जेनीव्हा," थोरल्या भावाने, होरेसने, शनिवारी फोनवर बजावलं होतं. "तुझं ती ऐकते. उद्या जागा बघायला जाईल तेव्हा तिथल्या तिथे मोडता घाल."

जेनीव्हाने "बघते" म्हटलं होतं. मग होरेसच्या मुलीचा, इमानीचा फोन आला. "आत्या, माझं लग्नाबद्दल काही म्हणणं नाही. आजीने खुशाल करावं. पण तिथे नाही." जेनीव्हाने तिलाही "बघते" म्हटलं. चौपन्न वर्षांत सिंगल्टरींच्या प्रत्येक भांडणात जेनीव्हाने दोन्ही बाजूंना "बघते" म्हटलं होतं आणि म्हणूनच सगळे तिच्याकडे येत. तिला स्वतःला काय वाटतं हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे परस्पर लार्कमाँटच्या फाटकाशी जमले. होरेस चर्चचा डीकन, त्यामुळे अंगावर काळा सूट आणि चेहऱ्यावर प्रवचन. त्याच्या गाडीतून इमानी उतरली आणि पाठोपाठ टीन मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण अर्नस्टीन. मावशीच्या डोक्यावर पिवळी हॅट होती, एवढी मोठी की तिला गाडीतून बाहेर काढायला मावशीला आधी मान बाहेर काढावी लागली.

"मी बघायला आलेय," मावशी उतरता उतरता म्हणाली, "मला पसंत पडलंय असं कुणी समजू नये. लग्न चर्चमध्ये होतं. झाडाखाली कोंबड्या बांधतात."

"तुला चर्च हवंय कारण नाहीतर तिथल्या बायकांची तुझी नवी हॅट बघायची राहील," आई म्हणाली.

"मग? उगाच का घेतलीय?"

एवढ्यात जुना निळा ट्रक येऊन थांबला आणि आईचे होणारे नवरे मिस्टर अ‍ॅम्ब्रोज लॅटिमोर उतरले. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणाऱ्या टगवर त्यांनी सगळा जन्म काढला होता, आणि अजूनही ते जमीन हलत असल्यासारखे पाय फाकवून उभे राहत. बुटांना आरशासारखं पॉलिश, हातात कागदी पिशवी. पिशवीत वाटेवर घेतलेल्या उकडलेल्या शेंगा होत्या, अजून वाफाळणाऱ्या.

"घ्या, डीकन," त्यांनी पिशवी होरेसपुढे धरली.

"रविवारी रस्त्यात उभं राहून मी खात नाही."

"बरं," मिस्टर अ‍ॅम्ब्रोज म्हणाले आणि पिशवी आईपुढे केली. आईने हातमोजा काढून मूठभर शेंगा घेतल्या. होरेसने दुसरीकडे पाहिलं.

फाटकाशी संस्थेची बाई वाट बघत होती. केल्सी ब्रॅनन तिचं नाव. तिशीची, गोरी, हसतमुख, हातात फाइल. लग्नांचं सगळं तीच बघायची. "विलोडीन!" ती दोन्ही हात पसरून पुढे आली. "तुम्ही आलात, किती बरं वाटलं!"

जेनीव्हाला होरेसचा जबडा घट्ट झालेला दिसला. आईला नुसत्या नावाने हाक मारणारे लोक जेनीव्हाच्या लहानपणी याच घरात राहायचे. आईने फक्त आपला हात पुढे केला, आणि केल्सीचं मिठीत घ्यायचं राहून गेलं.

बाग ऐन भरात होती. अझेलियाची झुडपं वाटेच्या दोन्ही अंगांनी माणूसभर उंच वाढलेली, आणि पान दिसू नये इतकी फुललेली. गुलाबी, किरमिजी, मध्येच एखादं पांढरं. वर ओकच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. केल्सी पुढे चालत खुर्च्या कुठे मांडतात, वादक कुठे बसतात ते दाखवत होती. आई मात्र भलतीकडेच बघत होती. एकेका झुडपापाशी थांबून ती फांदी खाली ओढायची, फुलात नाक घालायची, आणि पुढच्या झुडपाकडे जायची. मिस्टर अ‍ॅम्ब्रोज शेंगा सोलत तिच्या मागे मागे. टरफलं मात्र ते खिशात टाकत होते.

तळ्याकाठच्या हिरवळीवर इमानीने आजीला गाठलंच. ती अटलांटाला कॉलेजात इतिहास शिकवत होती आणि गप्प बसणं तिला आजोळाकडूनही मिळालं नव्हतं आणि घराण्याकडूनही.

"आजी, इथे मुली पांढरे झगे घालून फोटो काढतात. त्या खांबांसमोर. जणू इथे कधी काही झालंच नाही. आपण पण तसंच करायचं?"

"मी पांढरा घालणार नाही. जांभळा शिवायला टाकलाय."

"मी झग्याबद्दल बोलत नाहीये!"

"कळतंय मला कशाबद्दल बोलतेयस."

"मग? या झाडांना पाण्याऐवजी आपल्या लोकांचं रक्त घातलंय. ही वाट, हे तळं, ही वीट न वीट त्यांनी केलीय, आणि एका छदामाशिवाय केलीय."

"बरोबर," आई म्हणाली. "मग यांचा वास कुणी घ्यायचा? त्यांनी केलं म्हणून आपण घ्यायचा नाही, आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनी घ्यायचा? असा कुठला इतिहास शिकवतेस तू?"

टीन मावशी खुदकन हसली. होरेसने तिच्याकडे डोळे वटारले, पण मावशीला हॅटखालून ते दिसले नाहीत.

"हे बघ बाळ," आईचा आवाज मऊ झाला. "तुला वाटतंय आजी काहीतरी सिद्ध करायला आलीय. नाही ग. मला बाग आवडते. दर वसंतात इथे मेजवान्या व्हायच्या आणि मी सरबताचे ट्रे घेऊन या वाटेने शंभरदा जायचे. पण ट्रे हातात असला की फुलांकडे नाही बघता येत, ग्लासांकडे बघावं लागतं. इतकी वर्षं मी या बागेत ग्लास बघितले. आता फुलं बघायचीत."

इमानी जेनीव्हाकडे वळून म्हणाली, "आत्या, तू बोल ना काहीतरी."

"हो, बोल की," होरेस म्हणाला. "काल तर 'बघते' म्हणालीस."

"मलाही म्हणाली होती," इमानी म्हणाली.

बापलेकीने एकमेकांकडे आणि मग दोघांनी मिळून जेनीव्हाकडे पाहिलं. जेनीव्हा म्हणाली, "वर व्हरांड्यात सावली आहे. आईचे पाय दुखत असतील." आणि ती पुढे चालू लागली.

व्हरांड्यात पांढऱ्या झुलत्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. आई बसली, मावशी बसली, आणि केल्सीने फाइल मिटून छातीशी धरली. तिचे गाल उत्साहाने लाल झाले होते.

"मी मुद्दाम शेवटी सांगायचं ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी आमच्या मंडळाशी बोललेय. विलोडीन, आम्ही तुमच्याकडून काही म्हणजे काही घेणार नाही. जागा, मंडप, खुर्च्या, सगळं आमच्याकडून. आमच्यासाठी तो मान आहे."

"देवा!" टीन मावशी म्हणाली. होरेसही सरळ होऊन बसला.

"आमची एकच विनंती. आम्हाला यावर छोटासा चित्रपट करायचाय. बघा हं कसं आहे: तुम्ही जुन्या स्वयंपाकघरात उभ्या, ऍप्रन घातलेला. मग तुम्ही तो काढता, घरातून चालत येता, आणि या पुढच्या दारातून नवरी होऊन बाहेर पडता." केल्सीचे डोळे चक्क पाणावले. "लोकांना किती भिडेल ते!"

"टीव्हीवर दाखवणार?" मावशीने विचारलं.

"बहुतेक!"

"टीन, गप," आई म्हणाली.

इमानी भिंतीला टेकून उभी होती. तिने हातांच्या मुठी वळल्या होत्या, पण ती आजीकडे बघत राहिली. मिस्टर अ‍ॅम्ब्रोज शेंग तोंडाजवळ नेता नेता थांबले होते.

आईने खुर्ची एकदा मागे झुलवली, एकदा पुढे. "इतर लोक काय देतात?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"जागेचं. ज्यांची लग्नं तुम्ही लावता ते."

"ते वेगळं, विलोडीन. ते नुसतं भाडं असतं. तुमच्याकडून भाडं कसं घेणार आम्ही? तुमची तर गोष्टच–"

"मिसेस सिंगल्टरी," होरेस म्हणाला.

केल्सीने त्याच्याकडे पाहिलं. होरेस उठून उभा राहिला होता. चर्चमध्ये तो दानाच्या पेट्या घेऊन उभा राहतो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंही कुजबुज थांबवतात, तसा उभा.

"त्यांचं नाव मिसेस सिंगल्टरी आहे. तुम्ही त्यांच्या नातीच्या वयाच्या आहात. आणि माझ्या आईने तुम्हाला भाव विचारलाय."

केल्सी कानांपर्यंत लाल झाली. "मला... माफ करा. माझा तसा हेतू नव्हता."

"तुमच्या हेतूबद्दल काही म्हणणं नाही," होरेस म्हणाला. "भाव सांगा."

जेनीव्हा भावाकडे बघतच राहिली. आठवडाभर ज्या जागेवरून तो आकाशपाताळ एक करत होता, त्याच जागेचं भाडं तो आता बापाची इस्टेट सोडवून आणावी तशा आवाजात मागत होता.

केल्सीने आकडा सांगितला. टीन मावशीने हॅट काढून वारा घ्यायला सुरुवात केली. होरेसचा हात खिशाकडे गेला.

"पाकीट ठेव," आई म्हणाली. "माझं लग्न आहे."

"आपलं," मिस्टर अ‍ॅम्ब्रोज म्हणाले.

"आपलं," आईने मान्य केलं. मग केल्सीकडे वळून, अगदी गोड आवाजात: "ठरलं तर. इतरांसारखंच सगळं करा. मी या घरात ऍप्रन पुष्कळ घातला, पोरी, आता त्याचे फोटो नकोत. आणि त्या पुढच्या दारातून यायचीही गरज नाही. वाटेने येऊ, फुलांमधून."

केल्सीने मान डोलावली. तिच्या बाजूने एवढं सांगायलाच हवं की तिने एकही शब्द न वाढवता फाइल उघडली आणि म्हणाली, "मग मे महिन्यातले शनिवार दाखवते, मिसेस सिंगल्टरी. पण अझेलिया तोवर संपतील. फुलं हवी असतील तर लवकरच करायला हवं."

"आमच्या वयात सगळं लवकरच करायला हवं," मिस्टर अ‍ॅम्ब्रोज म्हणाले. तारीख ठरली ती तीन आठवड्यांवरची.

केल्सी कागद आणायला आत गेली. इमानी येऊन आजीच्या खुर्चीच्या हातावर बसली. "मी येईन," ती म्हणाली. "पण या घरात पाऊल टाकणार नाही. हिरवळीवर उभी राहीन."

"तुला कोण घरात बोलावतंय? हिरवळीवरच जेवण आहे," आई म्हणाली आणि तिचा हात थोपटला.

होरेस पुन्हा बसला होता, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याने मिस्टर अ‍ॅम्ब्रोजच्या पिशवीतून एक शेंग घेतली. ती सोलता सोलता, शेंगेकडेच बघत तो म्हणाला, "एक गोष्ट विचारतो. राग मानू नका. आईच्या घरी दिवाणखान्यात खिडकीशी माझ्या वडिलांची खुर्ची आहे. अकरा वर्षं तिच्यावर कुणी बसलं नाही. तुम्ही राहायला आलात की..."

आता जेनीव्हाला कळलं की होरेसचं तीन महिन्यांचं दुखणं लग्नही नव्हतं आणि लार्कमाँटही नव्हतं, ती खुर्ची होती.

"मी कुठे राहायला येतोय?" मिस्टर अ‍ॅम्ब्रोज म्हणाले. "माझी खुर्ची माझ्या घरी आहे. खाडीकडे तोंड करून. तिच्या शेजारी मी दुसरी आणून ठेवलीय. तुमची आई तिकडे येतेय."

होरेसच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं सगळ्यांनी पाहिलं. जेनीव्हाकडे कुणी पाहिलं नाही. ती पायऱ्या उतरून सरळ बागेत निघून गेली.

अझेलियांच्या मागे एक दगडी बाक होता. त्यावर ती बसली. तिच्या डोळ्यांसमोर घरातलं स्वयंपाकघर आलं, त्यातलं दोन खुर्च्यांचं टेबल, आणि त्याच्यावर एकच कप. नवऱ्याने घर सोडलं त्या वर्षी ती आईकडे आली होती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कुणीतरी हवंच होतं. त्याला नऊ वर्षं झाली. लग्न झालं तरी मिस्टर अ‍ॅम्ब्रोज इकडे येतील, तिसरा कप लागेल, एवढंच तिने धरलं होतं. तेही तिला नको होतं, पण तेवढं तिने सोसायचं ठरवलं होतं.

थोड्या वेळाने आई काठी टेकत आली आणि शेजारी बसली.

"तू मला सांगितलं नाहीस," जेनीव्हा म्हणाली.

"तू विचारलं नाहीस. नाताळापासून तू होरेसला विचारलंस, टीनला विचारलंस, इमानीला विचारलंस. मला एकदा तरी विचारलंस, आई, तू राहणार कुठे?"

"मला वाटलं... मी तुला सांभाळायला आले होते ना."

"आली होतीस. माझा गुडघा मोडला होता म्हणून. गुडघा सहा महिन्यांत बरा झाला, जेनीव्हा. तू बरी झाली नाहीस."

जेनीव्हाने मान फिरवली. आईने तिला फिरवू दिली.

"मी रोज बघत होते," आई म्हणाली. "कामावरून यायचीस, माझ्या गोळ्या मोजायचीस, माझ्याबरोबर टीव्ही बघायचीस, झोपायचीस. गायक मंडळीत परत जा म्हटलं, तर म्हणायचीस आईला एकटं कसं सोडू. ती शाळेतली मैत्रीण न्यू ऑर्लिन्सला बोलवायची, तर आईला एकटं कसं सोडू. अगं, मी तुझं निमित्त होऊन बसले होते. त्या घरातून एकीने बाहेर पडायला हवं होतं. तू पडेनास. म्हटलं, मग आपणच पडावं."

"म्हणजे तू माझ्यासाठी लग्न करतेयस?"

"चल! माणूस देखणा आहे म्हणून करतेय. त्याचे बूट बघितलेस?"

जेनीव्हाला रडता रडता हसू आलं. आईने पर्समधून रुमाल काढून दिला, आणि तो दिल्यावर हात तिच्या मांडीवरच ठेवला.

"घराचं काय करू मी?"

"तुझ्या मनाला येईल ते. रंग दे. भाडेकरू ठेव. गाणी लावून नाच. फक्त बापाची खुर्ची होरेसला देऊन टाक, त्याची झोप उडालीय त्यापायी." मग आई जरा थांबली. "आणि एक काम आहे. पाद्री विचारतील, या स्त्रीला विवाहात कोण देतंय? तेव्हा माझ्या शेजारी तू हवीस."

"होरेस ऐकणार नाही. तो थोरला आहे. ते काम मुलाचं असतं."

"माझ्या घासातला घास नऊ वर्षं कुणी खाल्ला? ज्याचं आहे त्याने द्यायचं असतं. होरेस काय देणार? त्याच्याकडे मी रविवारची असते फक्त."

जेनीव्हाने नाक पुसलं, रुमालाची घडी घातली. "देईन की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "आधी मला त्या माणसाशी बोलू दे."

आईने काठी दोनदा जमिनीवर आपटली. टाळी वाजवायची तिची ती रीत होती.

व्हरांड्यात परत आल्यावर जेनीव्हा थेट मिस्टर अ‍ॅम्ब्रोजसमोर जाऊन उभी राहिली. ते उठून उभे राहिले.

"आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी एक, रात्री एक. ती घेतल्या म्हणते आणि घेत नाही."

"तोंड उघडायला लावीन."

"मीठ चोरून खाते."

"मीठदाणी माझ्या खिशात राहील."

"आणि सकाळी कॉफी पोटात जाईपर्यंत ती कुणाशी बोलत नाही. बोलायला गेलात तर अंगावर येते."

"ते माहीत आहे मला," मिस्टर अ‍ॅम्ब्रोज म्हणाले.

ते त्यांना कसं माहीत, हे कुणीही विचारलं नाही. टीन मावशीने हॅट डोळ्यांवर ओढली आणि तिचे खांदे गदगदायला लागले. इमानीने तोंडावर हात दाबला. होरेस घसा खाकरून बागेची पाहणी करू लागला.

"बरं," जेनीव्हा म्हणाली. "मी देते हिला तुम्हाला."

"म्हणजे काय?" होरेस वळला. "तू? जेनीव्हा, चर्चची काही रीत आहे. वडील नाहीत तर थोरला मुलगा–"

"मीच देणार, होरेस."

"अगं पण लोक काय–"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तू पहिल्या रांगेत बसायचं, नवा टाय घालून, आणि पाद्रींनी विचारलं की मी उत्तर देईन. आणि बाबांची खुर्ची शनिवारी घेऊन जा. माणूस बरोबर आण, जड आहे ती."

होरेसने सवयीने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे "बघते" सापडेल म्हणून. ते नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. आई पिशवीतली शेवटची शेंग शोधत होती.

"निळा की राखाडी?" शेवटी त्याने विचारलं.

"काय?"

"टाय."

"निळा," चारही बायका एकदम म्हणाल्या.

कागदांवर सह्या झाल्या आणि सगळे फाटकाकडे निघाले. आई मिस्टर अ‍ॅम्ब्रोजच्या ट्रकमध्ये बसली; पायरी उंच होती, पण तिने होरेसचा हात घेतला नाही, नवऱ्या मुलाचा घेतला. मावशीची हॅट पुन्हा होरेसच्या गाडीत घालावी लागली. इमानीने खिडकीतून विचारलं, "आत्या, येतेयस ना मागोमाग? बाबा सगळ्यांना जेवायला नेतायत."

"तुम्ही व्हा पुढे. माझ्यासाठी थांबू नका," जेनीव्हा म्हणाली.

दोन्ही गाड्या वळणाआड गेल्या. केल्सी ब्रॅनन फाटकाशी अजून उभी होती. दिवसभरात ती बरीच दमलेली दिसत होती. "काही राहिलं का, मॅडम?" तिने विचारलं.

"हो. बाग बघायचीय."

"पण... आत्ताच तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत ना?"

"त्यांनी पाहिली," जेनीव्हा म्हणाली. "मी त्यांना बघत होते."

आणि हातातला कोट खांद्यावर टाकून ती फुलांच्या वाटेने आत निघाली.